चुका काढणाऱ्या बाई

९ नोव्हेंबर, रविवार
लोणावळा. दुपार शेठच्या गोडाऊनात गेली. बंगल्यांतल्या जुन्या खुर्च्या, आरसे, झुंबरं विकणाऱ्या या माणसाला चित्रकथांची मूळ पानं कुठून मिळतात, कोण जाणे. 'वाटाड्या'ची तीन घेतली. शाईने हाताने काढलेली, लहानपणी मासिकात छापून आलेली तीच. निम्म्या भावात!
रीत नेहमीचीच. हवं ते पान सगळ्यात शेवटी बघायचं, तेही नाक मुरडून. कोपरा कुरतडलाय. संवादांच्या फुग्यांत चिकटवलेली छापील अक्षरं गळून पडलीत, सगळी पात्रं मुकी. सही नाही, मग कोणाचं कशावरून? शेठ कपाळाला हात लावतो आणि देतो.
आठवडाभर कंपनीत सुट्या भागांतले दोष शोधायचे, रविवारी शेठकडे. पहिल्याचा पगार मिळतो, दुसऱ्यात मजा येते. विलास म्हणाला, "माझ्यातही असेच दोष काढून भाव पाडलास." नवरा आहे, बोलणारच.

२३ नोव्हें., रवि.
आणखी दोन पानं. गंमत म्हणजे कोपरे नीट केलेले, मागून कागद लावून. फुग्यांत अक्षरं परत आलीत, हाताने लिहिलेली. सुंदर अक्षर, जरा थरथरतं. शेठ म्हणाला, "ताई, आता काय खोट काढणार?"
म्हटलं, सही कुठाय?
पाच मिनिटं घासाघीस. घरी परतताना तळेगावला उतरेपर्यंत स्वतःवर खूश होते.

३० नोव्हें., रवि.
सही आली. चित्रातली शाई तपकिरी पडलीय, सहीची काळीभोर. बोट लावलं तर बोटाला लागली.
"शेठ, ही आत्ताची आहे."
"मग? हात त्याचाच आहे. आहे की म्हातारा, कार्ल्याच्या पुढं. पुतण्या आणून देतो पानं."
मी धरून चालले होते की चित्रकार कधीच गेला. तोंडातून काय निघालं तर, "नवी शाई म्हणजे दोषच की." आणि भाव पाडला.

७ डिसें., रवि.
कार्ल्याला गेले. रस्त्यावरच्या टपरीवर 'चित्रवाले आबा' म्हटल्यावर लगेच घर सांगितलं. भात काढून झालेली खाचरं, पेंढ्याच्या गंजी, आणि शेवटचं घर. पुतण्या कामावर. त्याची बायको शोभा भेटली. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली पाट, पाटावर टाक-दौत. आबा कागदाला नाक टेकवून बसलेले. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसऱ्याने थोडं.
नाव सांगितलं, शेठकडची गिऱ्हाईक म्हटलं, तर हसले.
"म्हंजी तुमीच का त्या? चुका काढनाऱ्या बाई?"
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आबा, चुका नाहीत हो, एकही नाही.
"मंग भाव कसा पाडनार?"
तेही हसतच. मग म्हणाले, "सही म्या करायचीच सोडली. छापनारे खोडायचे. आता शेठ म्हनतो बाईंला पायजेच. सांगा अजून काय ऱ्हायलंय. दिसतंय तवर करून देतो."
शोभा दारापर्यंत आली. "डाक्टर म्हनला डोळ्याला ताण देऊ नका. पन रातध्याड तेच." तिला माझा नंबर दिला. शेठकडे पुन्हा जायचं नाही, ठरलं.

१४ डिसें., रवि.
गेले.
शेठने फोन केला होता. शेवटचं पान मिळालंय म्हणाला. मासिक बंद पडलं तेव्हा वाटाड्या खिंडीत दोराला लटकलेला होता, खाली दरी, वर दोर कापणारा हात. पुढचं कधी छापलंच नाही. नववीपासून मला हे कळायला हवंय. पोरकटपणा आहे, माहितीय. शेठने पान दाखवलं, पण खालचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाकून. "आबांची सही झाली की देतो."
मी सही नको म्हणायला हवं होतं. म्हटलं काय, तर "घाई नाही."
घरी येऊन सगळ्या सह्या शेजारी शेजारी मांडल्या. पहिली वळणदार. मधल्या वाकड्या. शेवटची चौकट सोडून चित्रात घुसलीय. विलास नुसता बघून गेला. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२८ डिसें., रवि.
सकाळी शोभाचा फोन. आबा पाटावरच कलंडले. उजवी बाजू गेली. तळेगावला दवाखान्यात होते, परवा घरी आणलं. बोलणं समजत नाही, पण माणसं ओळखतात.
भेटायला जायची हिंमत नाही. कोणत्या तोंडाने? फळं पाठवू का? विलास म्हणाला, "फळं कसली पाठवतेस, स्वतः जा." बरोबर आहे त्याचं. गेले नाही.

४ जाने., रवि.
शेठ फोनवर: "सही आता होणार नाही. अंगठा घेतो. शेवटच्या पानावर चित्रकाराचा अंगठा, ताई, असं कोणाकडे नसेल! तुम्ही नको म्हणालात तर पुण्याचं दुसरं गिऱ्हाईक आहे."
जेवण गेलं नाही. संध्याकाळी शोभाला विचारलं.
"शेठ परवा येऊन गेला ताई. शाईचं पॅड घिऊन. आबांनी मूठ वळली ती सोडंनात. लय रडले. आमचे मालक म्हनत्यात, एकदा करून टाका. तुमी सांगा ना शेठला. तुमचं ऐकंल."
माझं ऐकेल. हो, माझंच ऐकत आलाय.

१० जाने., शनि.
आज केला फोन. भीती वाटत होती, आवाज कसाबसा नेहमीचा ठेवला. म्हटलं, पान द्या, अंगठा नको, भाव तुम्ही म्हणाल तो.
"ताई, कोपऱ्याचं काही बोलला नाहीत."
"कोपरा ठीक आहे."
"कागद पिवळा पडलाय."
"असू दे."
मग सावकाश म्हणाला, "म्हणजे या पानाची किंमत मलाच कळली नाही. थांबा. एवढ्यात देत नाही."
"शेठ, अहो ऐका, फक्त अंगठा..."
ठेवला.
विलासला सांगितलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं एक पान सरळ घेतलं नाहीस. आज एकदम हो म्हणालीस, तर त्याला वास येणारच ना गं."
काय करून बसले मी. नेहमीसारखी भांडले असते, अंगठ्याने पान खराब होतं, डाग म्हणजे दोष, अर्धी किंमत देईन म्हटलं असतं, तर त्याने पॅड उचललंच नसतं. एवढं साधं सुचू नये?

११ जाने., रवि.
सकाळपासून शेठचा फोन बंद. गोडाऊनात लावला, तिथला माणूस म्हणाला, शेठ सगळी पानं गाडीत टाकून गेले, कार्ल्याकडे. सगळी. म्हणजे आता प्रत्येकावर अंगठा.
विलास गाडी काढतोय. तेवढ्यात शोभाला लावला. उचलला, पण बोलेना. मागे कोणीतरी कण्हत होतं, आणि शेठचा आवाज, अगदी मऊ, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. "आबा, मूठ सोडा. सोडा मूठ. बाईंनी किती मान दिलाय बघा तुम्हाला."
मी ओरडले, शोभा, त्याला फोन दे.
ती म्हणाली, "ताई, तुमीच धाडलं ना त्याला?"
नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तिला ऐकू गेलं की नाही, कळत नाही. विलास हॉर्न देतोय, निघते.