जुजदानात वाजणारा फोन

मु. पो. किकवी, ता. भोर

जैतूनआपांना धाकट्याचा सलाम. तुमचे गुडघे आणि दुलाभाईंची साखर ताब्यात असोत, ही दुआ.

त्या शुक्रवारी सकाळी तुमचा फोन वाजत होता आणि मी तो उचलला नाही, हे खरं आहे. "अम्मीच्या बरसीचं विचारायचं तर भाऊ फोन उचलत नाही, मी येतच नाही," असं तुम्ही तुमच्या भावजयीला, बिल्किसला सुनावलंत. आता तुम्ही माझा उचलत नाही, म्हणून हे पत्र.

बरसीपर्यंत अम्मीच्या नावानं कुराण वाचून पुरं करायचं मी ठरवलं होतं. पण तिच्या कुराणातली अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. (बिल्किस म्हणाली, चष्मा लागला. मी म्हणालो, छपाई जुनी आहे.) मग मोबाईलवर कुराण घेतलं. बोटांनी ताणलं की अक्षर भोपळ्याएवढं! पण हात-तोंड-पाय धुऊन वजू केल्याशिवाय त्या फोनला हात कसा लावायचा? खिशात घालून संडासला कसं जायचं? मौलानांनी समजावलं, वाचणं बंद केलं की फोन हा फोनच. डोक्याला पटलं, हाताला पटेना. अम्मीच्या जुजदानात, त्या कुराणाच्या मखमली पिशवीत, फोन गुंडाळून मी तो पंक्चरच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवू लागलो. बिल्किस म्हणाली, "आता एक चादरही चढवा!"

शुक्रवारी गेनबाच्या ट्रॅक्टरचं चाक खोललं होतं. फोन वाजला. तुमचाच असणार, इतक्या चिकाटीनं दुसरं कोण लावतं? पण नखांत पंक्चरचं सोल्यूशन, ते निघाल्याशिवाय वजू होत नाही. मी रॉकेलनं हात घासतोय, फोन थांबून पुन्हा वाजतोय. गेनबा ओरडला, "आरं, भन हाय न्हवं? का म्या उचलू?" मी म्हणालो, "आधी वजू कर." (तेव्हापासून तो हवासुद्धा दुसऱ्या गावी, शिवऱ्याला जाऊन भरतो.)

घरी गेलो तर कपाटात अम्मीचं कुराण विनाजुजदान, उघडंच. अदब सांभाळता सांभाळता मी कुठं पोचलो, ते तेव्हा दिसलं. त्याला चष्मा लागला नाही.

परवा भोरला जाऊन चष्मा केला. जुजदान कुराणाला परत घातलं, फोन खिशात टाकला. फजरच्या नमाजानंतर वाचायला बसलो, तर मुंग्या आपापल्या जागी उभ्या. बरसीपर्यंत पुरं होईल. पण ऐकायला तुम्ही हव्यात.

तुमचा दस्तगीर

ता. क. येताना अब्बांची रेहाल आणा. अम्मीचं कुराण जड आहे, लाकडी घडीवर ठेवल्याशिवाय हात भरून येतात.

पुन्हा ता. क. चष्मा कुराणासाठीच केला, म्हणून तो जुजदानातच ठेवतो आणि वजूशिवाय काढत नाही. त्यामुळे फोन कुणाचा ते दिसत नाही, तुमचाच समजून उचलतो. काल एका कर्ज देणाऱ्या बाईला म्हणालो, "आपा, रुसू नका." ती रुसलेली नाही म्हणाली. आता तुमचं कळवा.