आवाज पुढे पळतोय

१२ जुलै २०२२, लातूर

पोचलो एकदाचा. उमरीहून निघताना आईने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सूचना असं तिन्ही भरपूर बांधून दिलं होतं. शिकवण्यांच्या गल्लीतलं हे घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेलं. खाली अंबरीश आणि त्याची आई, वर माझी खोली. पूर्वी इथे नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं भाड्याने राहायची, भिंतीवर अजून रसायनशास्त्राची सूत्रं चिकटलेली आहेत. मीपण याच गल्लीत डॉक्टर व्हायला आलो होतो. झालो नाही. आता अंबरीशचा व्हिडिओ एडिटर होऊन आलोय. पंखा जोरात फिरतो, त्यामुळे तक्रार नाही.

अंबरीश गेम खेळतो आणि लोक ते लाखोंनी बघतात. बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटचा उरेपर्यंत मारामारी करायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, एवढाच धंदा. त्याची आई प्रमोदिनीकाकू मराठीच्या निवृत्त शिक्षिका. जेवताना त्यांनी विचारलं, आमटी वाढू का. मी म्हणालो, "हाव." आमच्याकडे हाव म्हणजे हो. तर हसल्या. आमच्या घरात हाव म्हणजे लोभ रे, म्हणाल्या. मीही हसलो आणि दोनदा आमटी घेतली.

१५ जुलै

दुखणं कळलं. गेमचं चित्र संगणकावर रेकॉर्ड होतं, अंबरीशचा आवाज माइकवरून वेगळ्या फाइलमध्ये. सुरुवातीला तो कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो. चित्रात हात जिथे भिडतात आणि आवाजाच्या आलेखात टाळीचा सुळका जिथे येतो, त्या दोन जागा मी एकाखाली एक लावतो. मग सगळं जुळायला पाहिजे. जुळत नाही. व्हिडिओच्या मध्यापर्यंत आवाज चित्राच्या पुढे निघून जातो. आधीचा एडिटर यालाच वैतागून गेला म्हणे.

मला ह्याची फिकीर नाही. गेम जड असला की संगणक मधल्या फ्रेम गाळतो आणि चित्राची चाल कमीजास्त होते. नाहीतर माइक एका मापाने मोजतो आणि व्हिडिओ दुसऱ्या. दोन्ही सरळ करतो.

१९ जुलै

दोन्ही सरळ केलं. माइकचं माप व्हिडिओला लावलं, फ्रेमची चाल बांधून टाकली. अंबरीशला शेवटीही टाळी वाजवायला सांगितली. दोन्ही टाळ्या केसाचाही फरक न होता जुळल्या. तरी मधला आवाज पुढेच. हा "डावीकडे, डावीकडे" ओरडतो आणि डावीकडून शत्रू त्याच्यानंतर येतो. विचारलं तर म्हणाला, अंदाज असतो यार. बघणारे त्याला फार हुशार समजतात.

काकू बाजूला मेथी निवडत होत्या. भूकंपातही असंच झालं होतं, म्हणाल्या. जमिनीतून आधी गडगड आली, घर त्यानंतर हललं. "आवाज आधी येतो रे. हादरा मागून." त्यांचं माहेर किल्लारीकडचं. मग निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसल्या.

२४ जुलै

आज अंबरीशला चॅनलचे लाख सबस्क्रायबर झाल्याची चंदेरी पाटी आली. क्लासची पोरं दप्तरासकट फोटो काढायला दारात. अंबरीशने फोन माझ्या हातात दिला आणि फोटो मला काढायला लावले. एक पोरगी म्हणाली, दादा, तुमची सावली पडते, थोडं बाजूला व्हा.

सरळ लिहितो. मला त्याचा हेवा वाटतो. नेम त्याच्यापेक्षा माझा चांगला आहे. माझाही चॅनल होता. लोकांनी खाली लिहिलं, हा काय हाव हाव करतो, जा ट्रॅक्टर चालव. बंद केला. हा पठ्ठ्या "हो ना यार" म्हणतो आणि त्याच्या दारात रांग लागते. याच्या बोलण्यात असं काय सोनं आहे? तो अंघोळीला गेला तेव्हा त्याच्या लाल खुर्चीत बसून बघितलं. उठावंसं वाटेना.

२७ जुलै

त्याच्या आवाजाच्या फाइलमध्ये मी सापडलो. अंबरीश श्वास घ्यायला थांबला आहे आणि त्या जागी स्पष्ट, माझ्या आवाजात, "हाव."

ते रेकॉर्ड झालं तेव्हा मी गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेत होतो. पुन्हा पुन्हा ऐकलं. माझाच आवाज, शेवटी किंचित ओढलेला, आमच्या उमरीकडचा. काढून टाकायला पाहिजे होता. नाही काढला. व्हिडिओ तसाच चॅनलवर चढवला.

३१ जुलै

लोक विचारताहेत, हा हाव भाऊ कोण? हाव भाऊला पुढे आणा. शेकड्याने. ज्या शब्दावरून मला हाकललं, त्याच शब्दावर आता जीव टाकताहेत. वाचून पोट भरलं.

अंबरीशने विचारलं, हे कुणी घातलं. मी म्हणालो, मीच, गंमत म्हणून. तो अर्ध्या तोंडाने हसला. त्याचं ते अर्धं हसू बघून मला पूर्ण बरं वाटलं. आता प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एक हाव असतो. कुठून येतो ते मी शोधत नाही.

४ ऑगस्ट

हावच्या नंतर खाली घरघर आहे. लांबून ट्रक जावा तशी. आवाज चढवला तर ते बोलणं निघालं. शब्द कळत नाहीत, पण शेवटी "का" आहे. म्हणजे प्रश्न आहे. उत्तर आधी आणि प्रश्न मागून. पुन्हा तेच दुखणं.

असं न जुळणारं काम मला बघवत नाही. हाव कापला, उचलला आणि त्या "का"च्या नंतर नेऊन ठेवला. जुळलं. इतके दिवस जे जुळत नव्हतं ते एका झटक्यात जुळलं. खूश होऊन चढवून टाकला.

५ ऑगस्ट

दुपारी जेवताना अंबरीश "आलो" म्हणाला. कुणी हाक मारली नव्हती. मग काकूंनी आतून हाक मारली. मग त्याचे ओठ हलले.

काकूंच्या लक्षात आलं नाही. मी ताटाकडे बघत राहिलो.

६ ऑगस्ट

घरघर साफ केली. शब्द लागले. आवाज बाईचा नाही, बाप्याचा नाही.

"याला खाली नेतो. याच्या जागी तू बसतो का?"

आणि त्यानंतर माझा हाव. तिथे तो मुळात नव्हता. तो आधी होता, कशालाच लागू नव्हता. मी नेऊन लावला. माझ्या हाताने.

चॅनलवरून व्हिडिओ काढून टाकला. फाइल उघडून हाव परत पहिल्या जागी सरकवला. बंद करून पुन्हा उघडली, तर तो "का"च्या नंतरच. तीनदा केलं. अंबरीशचा माइक वायरने थेट माझ्या हेडफोनला जोडलाय, काही बदललं तर लगेच कळावं म्हणून.

त्याला सांगायला गेलो होतो. तो फोनवर होता, पुण्याला कुठल्यातरी मोठ्या कार्यक्रमात बोलावलंय, माझ्याकडे बघून हाताने "नंतर" केलं. ठीक आहे. नंतर.

७ ऑगस्ट

नाही सांगितलं. सकाळी संधी होती. चहा घेताना समोरच बसला होता. पुण्याला कुठला शर्ट घालू, विचारत होता. मी म्हणालो, निळा.

काय सांगणार? हसेल. खरं म्हणजे हसेल म्हणून नाही. माझ्या मनात ती खुर्ची —

उद्या नक्की.

८ ऑगस्ट, दुपार

काकू देवळात. तो खाली खेळतोय. टाळी ऐकली. बडबड चालू. मग हेडफोनमध्ये — आधी गडगड. मग भिंत फुटल्यासारखं. मग अंबरीश. "आई गं" म्हणाला. मग "भागवत". माझं नाव घेऊन. दोनदा. मग माती सरकल्याचा आवाज बराच वेळ.

हेडफोन काढला. घर शांत. खालून तो हसतोय. खरोखरचा, आत्ताचा. कुणाला तरी यार म्हणतोय.

म्हणजे झालं नाही अजून. आवाज पुढे आलाय. हादरा मागून. वेळ आहे. जिना इथेच आहे. अंबरीश, बाहेर पळ — एवढंच म्हणायचं. इथून ओरडलं तरी ऐकू जाईल.

भिंतीवरचा सूत्रांचा कागद थरथरतोय —

ओरडत का नाही मी. हात लिहितोय. हाताला सांगतोय ठेव पेन. काढून ठेवलेल्या हेडफोनमधून तो आवाज परत विचारतोय — बसतो का — मी न्हाई म्हणतोय, न्हाई, मोठ्याने म्हणतोय, आणि कानात माझाच हाव —

तो अजून हसतोय. अजून वेळ आहे. उठतो. उठूनच राहिलो. फक्त एवढं लिहून —