कासवाचं सोवळं

आई, तुझं कासव गेलं. तू गेल्यावर एकवीस वर्षं जगलं आणि गेल्या महिन्यात चार दिवसांत संपलं. मला एक सकाळ आठवते. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेय, नाकावर इंग्रजीची मिजास आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तू देवांवरची कालची फुलं उतरवतेयस, पिवळी कण्हेर, मारुतीची रुईच्या पानांची माळ, आणि सगळं उंच खिळ्यावरच्या टोपलीत टाकतेयस. मामानं पाली गावच्या माळावरून टॉवेलात गुंडाळून आणलेलं कासव उंबऱ्याशी खुडबुडतंय. मी गमतीनं त्याच्यापुढे कण्हेरीचं एक फूल टाकते. तू पूजा सोडून धावतेस, बोट घालून त्याच्या तोंडातून पाकळी ओढतेस आणि माझ्या हातावर फाडकन मारतेस. "एवढं शिकायला ठिवलंय तुला, अक्कल कावून न्हाई आली? देवाचं फूल त्याच्या म्होरं टाकायचं न्हाई!" मी हसून विचारलं, "कासवालाही सोवळं असतं का गं?" तू म्हणालीस, "हाय. लई कडक हाय," आणि पुन्हा पाटावर जाऊन बसलीस.

हा किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षं सांगितला, तुझ्या बोलीची नक्कल करून. दरवेळी हशा मिळाला. कण्हेर, रुई, धोतरा, देवाला वाहतो त्यातलं बरंचसं कासवाला विष आहे, हे मला आता या वयात गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं. तुला कुठून ठाऊक होतं? माळावर एखादी शेळी मरताना पाहिली होतीस का? तुला विचारावं असं तुझ्याकडे काही असेल, हेच मला कधी वाटलं नाही.

निवृत्त झाल्यापासून तुझी पूजा मीच करते, हसू नकोस. गेल्या महिन्यात एका सकाळी देवांवरची फुलं उतरवली आणि फोन वाजला. पेन्शनच्या कचेरीतला कुणी तरी तोच दाखला तिसऱ्यांदा मागत होता. फुलं अंगणाच्या पायरीवर ठेवली आणि अर्धा तास त्या माणसाला झापत बसले. दुपारी कासवानं काकडीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ, मान बाहेर काढेना. असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून डॉक्टरकडे जायला आणखी एक दिवस घालवला. त्यानं तोंड उघडून पाहिलं, सुकलेली पिवळी पाकळी टाळूला चिकटली होती. "मॅडम, सरकारला काय सांगायचं ते नंतर बघू. कण्हेर खाल्ली हाय यानं. काल आणलं असतं तर काय तरी केलं असतं."

घरी आले तर धुणंभांडी करणारी बाई अंगण झाडत होती. सहा वर्षं येत होती. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा पोरीच्या शाळेसाठी मागं राहणार होती, माझ्याच भरवशावर. मी फाटकातूनच सुरू केलं, "फुलं तूच लोटलीस ना खाली? डोळे फुटले होते का?" ती खराटा धरून उभीच राहिली. "मी कावून लोटू, मॅडम? निर्माल्याला मी हातबी लावत न्हाई. तुमीच तर लावू देत न्हाईत."

यावर एखादी माणसासारखी बाई गप्प झाली असती. उलट बोलते म्हणून मी तिला हाकलून दिलं. त्याच आठवड्यात ती नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली, पोरीलाही घेऊन. पोरीचं शाळेचं दप्तर शेजारणीकडे ठेवून गेलेत, तीच सांगत होती. परक्या शिवारात ती पोर आता मोळ्या उचलत असेल, आणि मी इथं स्वच्छ घरात एका कासवासाठी रडत असल्याचं ढोंग करतेय. मुलींनी शिकावं म्हणून भाषणं दिली गं मी आयुष्यभर. उत्तम इंग्रजीत.

तिच्यावर ओरडत होते तेव्हाही फुलं पायरीवर कुणी ठेवली ते मला पक्कं ठाऊक होतं. हे पत्र टपालात टाकायचं नाहीच, तुला आता पत्ता नाही. तिचा फोन नंबर मात्र माझ्याकडे आहे. मी अजून लावलेला नाही.