उंटाच्या लेंड्यांवरचे रोडगे

प्रिय दिप्या,

खरं सांगतो, हे पत्र मी दीड महिना टाळलं. वही घेतली की पेन सापडायचा नाही, पेन सापडला की चहाची तलफ यायची, आणि टपरीवर कोणी ना कोणी भेटायचंच. तुला माहीत आहे मी कसा आहे ते. दहावीतसुद्धा पत्राचा प्रश्न सोडून आलो होतो.

आज लिहायला बसलो, कारण सकाळी तुझ्या मायचा पातूरहून फोन आला. पुन्हा तेच विचारलं तिनं. "विकास, जेवून झोपला होता ना रे माहा लेक?" मी म्हणालो, "हो माय." मग रेंज नाही म्हणून फोन ठेवला. भर अमरावतीत रेंज नाही!

तू झोपेत गेलास, असं तिला मीच सांगितलं. तिकडं आखातात होतो, सलालाहून पहिला फोन केला तेव्हा तोंडात जे आलं ते बोललो. "झोपेतच गेला माय, तरास नाही झाला." बोललो ते बोललो, आता परत कसं घेऊ?

आणि तूही कमी नाहीस. काहून सांगितलंस रे तिला, की विकास आहे संगं, तो माझ्याकडे लक्ष देतो? मी? ज्याला स्वतःचे मोजे सापडत नव्हते तो?

शुक्रवारची सुट्टी आठवते का? सगळे मॉलमध्ये एसीची हवा खायला जायचे आणि आपण दोघं समुद्राच्या कडेनं पायीच खोटीखोटी एसटी चालवायचो. कंडक्टर कायम तू. "चला, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला..." पुढची गावं मी सांगायची. चिखलगाव सांगायचो आणि थेट पातूर.

"कापशी तुह्या बापानं सांगाची का? उतर खाली. पायी ये."

आणि मी खरंच दहा पावलं मागं राहून चालायचो. सत्तावीस वर्षांचे दोन घोडे! ना पैसा लागत होता ना काही. आठवडाभर कामावर एसीच्या डक्टचे पत्रे ठोकून हात सुजायचे, पण गुरुवारपासूनच आपल्याला त्या गाडीची घाई व्हायची.

मग ते रोडगे. गौऱ्यांच्या विस्तवात भाजलेला रोडगा आणि वांग्याचं भरीत आठवलं की तू ताटातलं अर्धंच खाऊन उठायचास. एकदा किनाऱ्यावर उंट चालले होते. तू टाळीच वाजवलीस.

"विक्या, शेण ते शेण. गायीचं काय न् उंटाचं काय!"

"अबे, पण ह्या तं लेंड्या हायेत. याच्या गौऱ्या कशा थापतं?"

"थापाच्या कायले? ढीग लाव न् पेटव."

पोतंभर गोळा केल्या आपण. उंटवाला लांबून बघत राहिला, त्याला वाटलं असेल ही माणसं नक्की कुठून आली! धूर असा झाला की डोळे उघडेनात. रोडगे वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. तरी खाल्ले. तूप लावून, माना डोलवून, "वा वा, पातूरची चव आली" म्हणत खाल्ले. नंतर चार-पाच वेळा केले, एकदाही नीट भाजले नाहीत.

शेवटच्या शुक्रवारीही तेच खाल्लं ना आपण.

"छातीत जळून राहिलं बे," तू म्हणालास.

"तीन-तीन कच्चे रोडगे गिळल्यावर थंड वाटन का? घे, ओवा चाव."

तू ओवा घेतलास. "हो, तेच असन," म्हणालास. भांडला का नाहीस माझ्याशी? एरवी एका कापशीवरून भांडायचास! तिकडं एक म्हातारा कोळी जाळं शिवत होता. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून, फार झपाझप. मी बघायला गेलो. अर्धा तास बघत बसलो रे. परत आलो तर तू वाळूत आडवा, शर्ट घामानं चिंब, ओव्याची मूठ तशीच मिटलेली.

हार्ट होतं, असं डॉक्टर म्हणाला. पोटाचं काही नव्हतंच. लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून तो थांबला. पुढं मी विचारलं नाही. तुला विचारू? काय करायला हवं होतं मी? छातीत जळलं की आपल्याकडं ओवाच देतात ना?

तुझ्या मायला खरं सांगायला दोनदा निघालो. पहिल्यांदा अकोल्याला गाडी बदलायला उतरलो आणि मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलो. एका सायकलवाल्याच्या दुकानात चाकाचे आरे कसे बसवतात ते बघता बघता दुपार गेली. दुसऱ्यांदा पातूरची गाडी धरली आणि कापशीला उतरलो. या वेळी विसरलो नव्हतो, मुद्दाम उतरलो. तळ्याकाठी बसलो आणि उलट्या गाडीनं घरी आलो. मले नाही जमून राहिलं, दिप्या. पायच पुढं जात नाहीत. तिनं विचारलं की तू कुठं होता, तर काय सांगू? जाळं बघत होतो?

पण तिला रोज तेच विचारायला लावणं याहून वाईट आहे. म्हणून तुला शब्द देतो. रविवारी पातूरला जातो, मधे कुठंही उतरत नाही. तिच्यासमोर बसून सांगतो की माय, तो झोपेत नाही गेला. समुद्रावर होता, हसत होता, छातीत जळतं म्हणाला. मी ओवा दिला आणि उठून गेलो. मग ती शिव्या देवो की घराबाहेर काढो.

थांब जरा. आई हाका मारून राहिली.

"विकास, अरे बाहेर ये! पातूरहून दीपकची माय आल्या. एकट्याच आल्या एसटीनं."

दारात आहे ती, दिप्या. चप्पल काढून राहिली. रविवार नाही उरला माझ्याजवळ. उठतो.

तुझा,
विक्या