तिसऱ्या खंडाचा झुकाव आणि तीन कंपायलर

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
धरण सुरक्षा विभाग,
मध्यवर्ती कार्यालय.

अर्जदार : कनिष्ठ गणक, गणनकक्ष, धरण कार्यालय.

विषय : जलाशयाची उरलेली दीड मीटर भरणी आजच थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. २ ऑगस्ट व त्यावरील आपल्या कार्यालयाचे उत्तर.
२) अर्जदाराचा अर्ज, दि. २१ ऑगस्ट. (उत्तर : "विषय संगणक खरेदी शाखेकडे वर्ग.")

महोदय,

१. अर्जदार ही गेली अकरा वर्षे या कार्यालयात गणक आहे. धरणाच्या भिंतीचे नऊ खंड आहेत. प्रत्येक खंडातल्या कलमापकाचा (झुकाव मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा रोज सकाळी एका फोरट्रान प्रोग्राममध्ये जातो. तो प्रोग्राम एका गणिती लायब्ररीच्या (तयार उपप्रोग्रामांच्या संचाच्या) आधाराने समीकरणे सोडवतो आणि कोणता खंड किती मिलिमीटर झुकला ते सांगतो. मर्यादा पंचवीसची आहे. पाणी किती साठवायचे ते याच आकड्यांवर ठरते.

२. जुना सर्व्हर मोडीत काढायचे ठरल्यामुळे लायब्ररी नव्या सर्व्हरवर पुन्हा बांधावी आणि तीन वेगवेगळ्या कंपायलरांवर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांवर) उत्तर एकच येते असे दाखवावे, असा आदेश अर्जदारास मे महिन्यात मिळाला. पहिले तीन आठवडे नुसत्या नावांत गेले. एक कंपायलर प्रत्येक उपप्रोग्रामच्या नावामागे एक अधोरेषा जोडतो, दुसरा काही नावांमागे दोन जोडतो, तिसरा नावाला हातच लावत नाही. लायब्ररी समोर असून प्रोग्रामला सापडेना. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत. ते निस्तरल्यावर लायब्ररीच्या स्वतःच्या सर्व चाचण्या तिन्ही कंपायलरांवर उत्तीर्ण झाल्या. त्या दिवशी अर्जदार बऱ्याच दिवसांनी वेळेवर घरी गेली.

३. दुसऱ्या दिवशी खरा प्रोग्राम चालवला. आठ खंडांचे आकडे तिन्हीकडे जुळले. तिसऱ्या खंडाचा आकडा जुना सर्व्हर अकरा दाखवत होता. नव्यावर पहिल्या कंपायलरने शून्य दिले, दुसऱ्याने सात अंकी संख्या. तिसऱ्यावर सगळ्या तपासण्या चालू ठेवल्या होत्या. त्याने उत्तरच दिले नाही. या चलाला (खंडाचा आकडा ठेवायच्या जागेला) कधी किंमत दिलेलीच नाही, एवढे कळवून तो थांबला.

४. अर्जदाराने दप्तरातले जुने छापील तक्ते काढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडाचा आकडा एकोणीस वर्षे, रोज, न चुकता एकमेकांशी तंतोतंत जुळतो. दोघे जुळे भाऊसुद्धा इतके सारखे वागत नाहीत.

५. कारण असे. एकोणीस वर्षांपूर्वी तिसऱ्या खंडातला कलमापक बदलला. नव्या कलमापकाचा आकडा वेगळ्या पद्धतीने येतो आणि तो वाचण्याची ओळ प्रोग्राममध्ये कोणी लिहिलीच नाही. जुना कंपायलर प्रत्येक चलाची जागा कायम राखून ठेवत असे. खंडांचे आकडे एकामागून एक त्याच जागेत येत, त्यामुळे आधीच्या दुसऱ्या खंडाचा आकडा तिथे तसाच पडून राही आणि तिसऱ्याच्या नावाने छापला जाई. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्या निवृत्त गृहस्थांना (कार्यालयात त्यांना "टाचणीकाका" म्हणत) अर्जदाराने फोन केला. त्यांनी त्या भागाच्या ओळी फोनवर वाचून घेतल्या. मग म्हणाले, "अगं, ते मशीन काही विसरत नसे. म्हणून मी लिहायचं विसरलो, ते कुणाला कळलंच नाही." पुढे त्यांनी विचारले, "पाणी कुठवर आलंय?" अर्जदाराने सांगितले. त्यांनी फोन ठेवला.

६. अर्जदाराने ती ओळ लिहिली. आता तिन्ही कंपायलर दशांशापर्यंत एकमताने सांगतात : तिसरा खंड, एकतीस मिलिमीटर.

७. हे कक्षप्रमुखांना दाखवले असता ते म्हणाले, "तुला आकडे जुळवायला सांगितले होते, कारणं शोधायला नाही." नव्या कंपायलरांनाही जुन्यासारखी जागा राखून ठेवायला लावणारा एक पर्याय आहे. तो चालू केला की मूळ प्रोग्राम पुन्हा निमूट अकरा देतो. तो पर्याय कायम करून उत्तरे जुळल्याच्या दाखल्यावर सही करण्यास अर्जदारास सांगण्यात आले. अर्जदाराने सही केली नाही. त्यानंतर आठ दिवसांनी दाखला निघाला. त्यावर "गणक" या जागी कोणाची सही आहे, ते अर्जदारास वाचता आलेले नाही. त्याच दाखल्यावरून शेवटच्या चार मीटर भरणीस परवानगी मिळाली. संदर्भ १ च्या उत्तरात आपले कार्यालय कळवते, की "ज्या कंपायलरचे उत्तर मर्यादेत बसते तो प्रमाण मानावा." अर्जदाराने हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले आहे.

८. यंत्रावर विश्वास नसल्यास माणसाचे ऐकावे. अर्जदाराचे धाकटे दीर भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत निरीक्षक आहेत. तिसऱ्या खंडात वरून खाली एका नळीतून ओळंब्याची तार सोडलेली आहे. भिंत झुकली की तार नळीच्या एका कडेकडे सरकते. त्यांच्या वहीत दोन महिने आकडा बदललेला नाही आणि वरिष्ठांनी त्यावर "स्थिर" असा शेरा मारला आहे. परवा जेवताना ते अर्जदारास म्हणाले, "वहिनी, तार स्थिर नाही. तिला हलायला जागा उरली नाही." काल त्यांनी तार आणि नळी यांच्यामध्ये वहीचा कागद सरकवून पाहिला. तो गेला नाही. गॅलरीच्या त्या टोकाला पूर्वी पाणी ठिबकत असे, ते आठवड्यापासून बंद झाले आहे. ते कुठून वाट काढते आहे, हे त्यांना अजून सापडलेले नाही. सासूबाईंनी त्यांना रजा टाक म्हणून विनवले. "मी नाही उतरलो तर दुसऱ्याला उतरवतील," एवढेच ते म्हणाले आणि जेवणाचा डबा घेऊन निघाले.

९. सबब विनंती, की भरणी थांबवून पाणी सहा मीटर उतरवावे. अर्जदाराचे गणित मानू नये. आपण स्वतः गॅलरीत यावे, तिसऱ्या खंडापाशी उभे राहावे आणि नळीत कागद सरकतो का ते पाहावे. अर्जदार सोबत येईल. हिशेब चुकलेला निघाल्यास नोकरीवरून कमी केले तरी अर्जदाराची तक्रार नाही. उलट त्या दिवशी तिला शांत झोप लागेल.

१०. पत्रव्यवहारासाठी पत्ता बदलला आहे. भिंतीखालच्या वसाहतीतले घर अर्जदाराने आज सकाळी सोडले. सासूबाई व दोन मुली टेकडीवरच्या मावशींकडे आहेत. शेजारच्या अकरा घरांना अर्जदाराने सांगून पाहिले. त्यांनी दाखला पाहिला आहे. त्यांचा दाखल्यावर विश्वास आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
कनिष्ठ गणक, गणनकक्ष

दिनांक : ९ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता

सोबत : तिन्ही कंपायलरांची उत्तरे, दुरुस्तीपूर्वीची व नंतरची, एकोणीस वर्षांच्या तक्त्यांचे उतारे, निरीक्षकाच्या वहीच्या दोन पानांची प्रत.

ता. क. : दीर आज आठ वाजता खाली उतरले. दर तासाला वर फोन करण्याचा नियम आहे. नऊचा आणि दहाचा फोन आला. हा अर्ज आवक खिडकीवर देताना अकरा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. कृपया पोच देताना वेळ लिहावी.