निळ्या बाटलीचं टोपण

अगं,

केस कापायला जातोय, पण डोकं चालेनासं झालंय.

लेक ज्यांनी ते बोटभर खेळण्यातले सैनिक रंगवायचा, त्या रंगाच्या बाटल्या दर रविवारी मीच हलवून ठेवतो, वाळू नयेत म्हणून. हसू नकोस. मागच्या वेळी निळ्या बाटलीचं टोपण माझ्याकडून उघडं राहिलं आणि तोंडाशी रंगाची गुठळी बसली. आज बघतो तर गुठळी टाचणीने काढलेली, टोपण घट्ट, आणि मी खिडकीत उन्हात मांडलेल्या सगळ्या बाटल्या कपाटात सावलीला उभ्या. तू तर त्याच्या खोलीत पाऊल ठेवत नाहीस. मग तो येऊन गेला का? 'खेळणी उचल आणि चालता हो,' असं मीच म्हणालो होतो. मग आला होता, तर बाटल्या नेल्या का नाहीत?

कुलूप बदललेलं नाही, एवढं त्याला कळव. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस.