ध्रुवाचा उपाय

कट्टा,
१९ जुलै २००८

प्रिय सत्यवान,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवणं भाग आहे. तुझ्या जीपीएस यंत्राच्या पिशवीला सुकटीचा वास येतो. गेले तीन आठवडे आमची मांजर माझ्या टेबलाच्या खणासमोर डोळे मिटून बसली आहे. एवढी एकाग्रता मला पंचवीस वर्षांत संस्कृतच्या एकाही वर्गात पाहायला मिळाली नाही. तिच्या या तपश्चर्येला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

बाकी इकडे ठीक. आमच्या सौ. प्रेमलताचा गुडघा पावसाचा अंदाज रेडिओच्या आधी सांगतो. काल गुरुपौर्णिमेला मुलांनी मला हार घातला. मी मान खाली घालून बसलो, तर हेडमास्तर म्हणाले, ‘सर किती विनम्र!’

आता यंत्राचं. धोंडूकाकांनी सांगितलेल्या समुद्राखालच्या खडकांच्या खुणा त्यात परत आणता येतील का, म्हणून तू ते माझ्याकडे पाठवलंस. ओरोसला एक दुरुस्तीवाला आहे. त्यानं दोन दिवस ठेवून घेतलं आणि सेल बदलून परत दिलं.

तुला ठाऊक आहे, देवळांच्या दिशा मोजायच्या नादात मी असलंच एक यंत्र घेतलं आणि शाळेच्या कॉम्प्युटरवरून जीपीएसवाल्यांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपात शिरलो. तिथेही विचारलं. नवं नाव घेऊन विचारलं, कारण माझ्या जुन्या नावाखाली जाणतेपणाचे चार तारे आहेत, आणि तारेवाल्यानं प्रश्न विचारायचा नसतो. पुसलेल्या खुणा परत मिळतात का? सहा मिनिटांत उत्तर आलं: ‘आधी शोधा, मग विचारा.’ दुसऱ्यानं माझं शिक्षण विचारलं. तिसऱ्यानं ध्रुव नावाच्या ज्येष्ठ सभासदाचं एक जुनं उत्तर माझ्या तोंडावर फेकलं.

ते उत्तर मेच्या अखेरचं. सागर९१ नावाच्या नवख्यानं विचारलं होतं, ‘जीपीएस फुल झाला, नवीन खूण घेत नाही, उद्या पहाटे जायचंय, काय करू?’ यंत्राचं मॉडेल लिहिलेलं नाही, जुनी उत्तरं वाचलेली नाहीत. तिथल्या धर्मशास्त्राप्रमाणे हे महापातक. पाच-सहा जणांनी हाकललं. मग ध्रुवानं वैद्याच्या थाटात लिहिलं: ‘यंत्राचे पोट फुगले आहे. विरेचन द्यावे. यंत्र बंद असता कडेच्या दोन कळा दाबून धराव्यात व तिसरीने चालू करावे. कोठा तत्काळ साफ होतो.’ खोटं त्यात एक अक्षर नाही. यानं सगळंच पुसलं जातं हे जाणत्यांना ठाऊक, म्हणून चौदा जण हसले. सागर९१नं लिहिलं, ‘थँक यू सर.’ त्यावर आणखी हसले.

सत्यवान, सागर९१ म्हणजे तुझी लेक अपेक्षा. यंत्र घेऊन आली तेव्हा ती दारातच उभी राहिली. ‘सर, मीच बटणा दाबलंय. बाबा माझ्याशी बोलणत नाय.’ मी विचारलं, तुला हे सांगितलं कोणी? ‘ध्रुव म्हणान एक सर आसत. शुद्ध मराठीत लिवलेला, म्हणान माका खरा वाटला.’

मी तिला चहा घेणार का विचारलं.

ध्रुव मी आहे.

विचारणारा मुंबईचा कोणी हौशी ट्रेकवाला असेल असं वाटलं, असं लिहिणार होतो. पण खरं तर मला काही वाटलंच नाही. वाक्य जमलं होतं. तू मुलीशी बोल. हे वाचून झाल्याबरोबर बोल. तिला सांगितलं तेवढंच तिनं केलं.

धोंडूकाका दोन हंगाम तुझ्या होडीत बसले. हा माड आणि तो कळस एका ओळीत आला की खाली खडक, असं एकेक सांगायचे आणि तू बटण दाबायचास. शेवटी मलाच म्हणाले होते, ‘सत्यवानाक आता मशीन आसा, माझी कटकट कित्याक?’ शिमग्यात ते गेले. त्यातले अर्धे माड आज नाहीत, कळसापुढे लॉजची पाण्याची टाकी उभी आहे. त्या जागा होत्या त्या फक्त या डबीत होत्या. डबी पत्रासोबत परत पाठवतोय. तिच्यात काही नाही, आणि येणारही नाही.

अपेक्षा सांगत होती, तू म्हणतोस, ‘गेला तर गेला, नारळी पुनवेक होडी काढतलंय.’ काढू नकोस म्हणायचा अधिकार मला नाही. न काढून तुम्ही खाल काय, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. सुकटीचं आणि मांजरीचं लिहिलं, कारण मला तेवढंच लिहिता येतं. खडक कुठे आहेत ते तुला माहीत नाही, आणि तू जाणार आहेस. मला भीती वाटते.

लोभ राहिला नाही तरी चालेल.

रामचंद्र